भट्टीपाशी हात मी ओढलो की तो आपणच मागे आला?

उद्यमबाग_रात्रपाळी:
नमस्कार मंडळी. बेळगावच्या उद्यमबागेत एका फाउंड्रीत फेटलिंगला आहे, म्हणजे ओतलेल्या भागांच्या कडा घासून साफ करायचं काम, अकरा वर्षं झाली. गेल्या आठवड्यात रात्री अडीचच्या सुमारास एक कास्टिंग गार झालं असेल म्हणून ग्लोव्ह काढलो आणि बोटं टेकवलो. रंग काळा, वाफ नाही, काही नाही. पण आत धग होती.

गोष्ट अशी, की आधी हात मागे आला. खांद्यापर्यंत झटका बसला. मग 'अरे, हे तापलंय' असं कळलं. आणि त्याच्याही नंतर बोटांची आग सुरू झाली. तीन गोष्टी, एकामागून एक. मधलं अंतर अगदी थोडं, पण मला ते स्पष्ट जाणवलं.

आता कळायच्या आधीच हात मागे आला, तर तो ओढला कोणी? मी तर ओढलो नाही, मला तेव्हा माहीतच नव्हतं. दहावीत 'प्रतिक्षिप्त क्रिया' एवढा शब्द पाठ केलो होतो, पण आठ दिवस झाले, डोक्यातून हे जाईना झालंय. कोणी नीट उलगडून सांगेल का? बोटं आता बरी आहेत, दोन फोड आले होते.

गोकाक_फॉल्स:
पाठीच्या कण्याने ओढला. झालं, धाग्याला कुलूप लावा.

मलप्रभाकाठ:
गोकाकवाले, इतक्यात कुलूप नको. खानापूर तालुक्यात मराठी शाळेत विज्ञान शिकवतो. हा प्रश्न दरवर्षी एखादं पोर विचारतं आणि मला तो फार आवडतो.

तुमच्या बोटाच्या कातडीत उष्णता ओळखणारी जी टोकं आहेत, ती एका लांबलचक तंतूची टोकं. तो तंतू मनगटातून, दंडातून, काखेतून मानेजवळच्या मज्जारज्जूपर्यंत, म्हणजे कण्याच्या आतल्या दोरापर्यंत, एकसंध जातो. मधे कुठे जोड नाही. मज्जारज्जूत तो दुसऱ्या पेशीला निरोप देतो, ती तिसरीला, आणि तिसरीचा तंतू परत दंडाच्या स्नायूपर्यंत येतो. दंड आकसतो, कोपर वाकतं. त्याच वेळी कोपर सरळ करणाऱ्या मागच्या स्नायूला 'तू सैल पड' असा निरोप जातो. नाहीतर पुढचा आणि मागचा स्नायू रस्सीखेच खेळत बसले असते आणि हात तिथेच राहिला असता. मला या सगळ्यात ही जोडी सर्वांत सुंदर वाटते.

हे खाली चाललेलं असताना निरोपाची दुसरी प्रत वर मेंदूकडे निघालेली असते. ती तिथे पोचून उलगडते, तेव्हा तुम्हाला 'कळतं'. तोवर हात सुटलेला असतो.

आता तुमची तिसरी गोष्ट, मागाहून आलेली आग. वेदना आणणारे तंतू दोन जातींचे. एकावर चरबीचं पातळ वेष्टण असतं, त्यातून निरोप सेकंदाला ५ ते ३० मीटर धावतो. दुसऱ्यावर वेष्टणच नाही, तो सेकंदाला अर्धा ते दोन मीटर, म्हणजे माणूस चालतो तेवढाच. पहिला टोचणारी कळ आणतो, दुसरा जळजळ. उंबऱ्याला पायाची करंगळी आपटते तेव्हा नीट लक्ष द्या. आधी लख्ख कळ येते, मग क्षणभर काहीच नाही, आणि 'आता दुखणार' असं आपण म्हणतो न म्हणतो तोच ठणका येतो. पायाच्या बोटापासून कण्यापर्यंतचा साधारण मीटरभर रस्ता त्या संथ तंतूला जवळपास सेकंदाचा पडतो, म्हणून.

वडगावचा_माग:
गुरुजी, करंगळीचं अगदी खरं. ते 'आता दुखणार' मी लहानपणापासून अनुभवतोय, कारण आज कळलं.

गोकाक_फॉल्स:
मग कुंद्याचं खोकं उघडल्या उघडल्या तोंडाला पाणी सुटतं, तेही कण्याचंच काम का?

मलप्रभाकाठ:
नाही, लाळेच्या आज्ञा मेंदूच्या देठातून निघतात. मेंदूतून थेट निघणाऱ्या चेतांच्या, म्हणजे नर्व्हच्या, १२ जोड्या आहेत, त्यातली सातवी आणि नववी लाळग्रंथींना चालवते. पण नुसतं खोकं बघून पाणी सुटणं हे शिकलेलं आहे. ज्याने कुंदा कधी खाल्लाच नाही, त्याला ते खोकं बघून काही होणार नाही. गरम लोखंडावरून हात काढायला मात्र तान्ह्या बाळालाही शिकवावं लागत नाही.

फिजिओ_टिळकवाडी:
गुरुजींनी छान सांगितलं, पण एका गोष्टीवर माझं मत थोडं वेगळं आहे. 'कणा ओढतो, मेंदूला नंतर कळतं' एवढ्यावर सोडलं, तर लोकांना वाटतं की कणा स्वतंत्र संस्थान आहे. तसं नाही. मेंदूकडून खाली येणारे तंतू या प्रतिक्षिप्त क्रियेचा आवाज सतत लहानमोठा करत असतात. हातात तापलेलं पातेलं आहे आणि खाली मूल रांगतंय, तर आई ते पातेलं टाकत नाही. ओट्यापर्यंत नेते, मग हात झटकते. कणा 'सोड' म्हणत असतो, मेंदू वरून 'थांब' म्हणतो.

पेशंटच्या गुडघ्याखाली हातोडी मारतो तेव्हाही हेच दिसतं. तो निरोप कण्यात एकच सांधा ओलांडतो, सुमारे ५० मिलिसेकंदांत पाय उडतो. पण घाबरलेल्या माणसाचा जास्त उडतो. आणि अर्धांगवायू झालेल्याचा, मेंदूचा वरचा लगाम सुटल्यामुळे, काही आठवड्यांनी कितीतरी जास्त उडतो. लगाम होता हे तेव्हा कळतं.

अक्का_अथणी:
मी रोज पंधरा-वीस ज्वारीच्या भाकरी करते. तव्यावरची भाकरी बोटांनी परतते, उलथनं घेतच नाही. सून म्हणते, "आत्ती, तुमच्या बोटांच्या शिरा मेल्यात." खरंच मेल्यात का हो? भीती घातली पोरीने.

फिजिओ_टिळकवाडी:
अक्का, अजिबात नाही. मेल्या असत्या तर पीठ मळताना पाणी कमी-जास्त झालेलं बोटांना कळलं नसतं. तुमची कातडी जाड झालीय, बोट तव्याला निमिषभरच लागतं, भाकरीची पाण्याने सारवलेली बाजू वाफेने बोट वाचवते, आणि मेंदूला हे ओळखीचं झालंय, म्हणून तो ओरडत नाही. सुनेला सांगा, आत्तीची बोटं शाबूत आहेत.

शहापूर_शब्दकोश:
दोन गोष्टी बोलायच्या आहेत, विषय थोडा सरकेल.

पहिली. धाग्याच्या नावातच उत्तर दडलंय. पुण्याकडे म्हणतील 'मी हात ओढला'. तिथे क्रियापद हाताच्या मागे जातं. आपण बेळगावकडे कानडीच्या शेजारामुळे 'मी हात ओढलो' म्हणतो, क्रियापद 'मी'च्या मागे. रात्रपाळीवाल्या भावाला जे खुपतंय, ते आपल्या बोलीत जास्त खुपणार, कारण आपण प्रत्येक गोष्ट 'मी केलो' म्हणून सांगतो. आणि तरी त्यांनी पहिल्या पोस्टीत लिहिलंय काय? 'हात मागे आला.' तिथे 'मी' आपोआप गळला. भाषेला कळलं होतं.

दुसरी, अक्कांच्या सुनेच्या 'शिरा मेल्यात' वरून. आपण रक्तवाहिनीलाही शीर म्हणतो, चेतातंतूलाही शीरच. 'शीर दबली', 'शिरेवर शीर चढली', 'नस आखडली'. कानडीतही 'नर' शब्दाने दोन्ही चालतं. पाय बसून बसून मुंग्या आल्या की शेजारची कानडी आजी 'जोमु' म्हणते, आम्ही 'पाय झोपला' म्हणतो आणि दोघींकडे उपाय एकच, चोळा. शाळेत जुन्या पुस्तकात मज्जातंतू होतं, नव्यात चेतातंतू आलं. बोलताना दोन्ही कोणी वापरत नाही. हा घोटाळा मला निरुपद्रवी वाटत नाही.

रातराणी_वॉर्ड:
निरुपद्रवी नाहीच. सिस्टर आहे, मेडिसिन वॉर्डात सतरा वर्षं. 'शीर अडकलीय, तेल लावून मोकळी होईल' या एका वाक्याने किती माणसं उशिरा येतात ते मी बघते. चेतातंतू ही नळी नाही. तिच्यात तुंबणारं काही वाहत नसतं, की चोळून पुढे सरकवावं. तोंड वाकडं झालं, एक हात गळाला, बोलणं जड झालं, तर बिघाड हातात नाही, मेंदूत आहे, आणि बहुतेक वेळा विरुद्ध बाजूच्या मेंदूत. तिथे मात्र खरोखरच रक्ताची वाहिनी तुंबलेली किंवा फुटलेली असते. सीटी काढून फुटलेली नाही असं दिसलं, तर गाठ विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात. माझे स्वतःचे मामा एका गावी लकव्याचं तेल लावायला नेले होते. तिथे दोन दिवस गेले. त्यांचा उजवा हात परत आला नाही. तेव्हापासून मी नात्यात सगळ्यांना एकच सांगते, घड्याळ बघा आणि निघा.

वडगावचा_माग:
मामांचं वाचून वाईट वाटलं, ताई.

माझा अनुभव दुसऱ्या टोकाचा. मागावर नाही, घरी खिडकीची काच फुटून मनगट कापलं. करंगळीकडची चेता तुटली होती, शिवली. करंगळी आणि शेजारचं अर्धं बोट लाकूड. डॉक्टर म्हणाले, रोज साधारण एक मिलिमीटर वाढेल, धीर धर. मला वाटलं, समजूत घालतायत. पण दर महिन्याला ते तळहातावर बोटाने टिचक्या मारत पुढे जायचे, आणि एका जागी टिचकी बसली की करंगळीत झिणझिण्या उठायच्या. त्या जागेवर पेनाने ठिपका काढायचे. पुढच्या महिन्यात ती जागा बोटभर पुढे सरकलेली असायची! वाढणारं टोक कुठवर आलंय ते असं बाहेरून मोजता येतं. आठव्या महिन्यात करंगळीच्या टोकाला सुताचा धागा लागलेला कळला. त्या दिवशी मी मागावर उगीचच पुन्हा पुन्हा धागा धरून बघत होतो.

फिजिओ_टिळकवाडी:
वा! हातापायांतल्या तंतूंना ही सोय आहे, कारण त्यांची मूळ पेशी कण्याजवळ जिवंत असते आणि जुन्या वेष्टणाची वाट तयार असते. मेंदू आणि मज्जारज्जूत तुटलेला तंतू असा परत वाढत नाही. म्हणून झाडावरून पडून मानेला मार लागलेल्या माणसाला पटकन उचलून बसवू नका.

तंबाखूपट्टा_निपाणी:
तंतूतून वाहत काही नाही म्हणालात, मग निरोप जातो कसा? वीज ना? लहानपणी दव असताना तंबाखूची पानं खुडली की आम्हाला गरगरायचं, मळमळायचं, घाम सुटायचा. घरातली माणसं म्हणायची, तंबाखू लागली. एक पान तोंडात घातलेलं नसायचं. हे चेतासंस्थेचंच काही असतं का?

मलप्रभाकाठ:
निपाणीकर, या धाग्यातला सर्वांत मोठा प्रश्न तुम्ही विचारलात.

वीज आहे, पण तारेतली नाही. तंतूच्या आत-बाहेर क्षारांचा फरक राखलेला असतो, आतली बाजू बाहेरच्यापेक्षा सुमारे ७० मिलिव्होल्टने ऋण. निरोप म्हणजे एका जागी दारं उघडून सोडियम आत शिरणं, त्याने शेजारची दारं उघडणं, मग त्याच्या शेजारची. शेतात पाटाचं पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात फुटत जातं तसं. १९५२ साली हॉजकिन आणि हक्सली यांनी माकुळासारख्या समुद्री जीवाच्या जाडजूड तंतूवर हे मोजून मांडलं. हेल्महोल्ट्झने तर १८५० सालीच बेडकाच्या तंतूतला वेग काढला होता, सेकंदाला २७ मीटरच्या आसपास. तोवर बऱ्याच जणांना वाटायचं, निरोप इतका वेगात जातो की मोजताच येणार नाही.

पण तंतू संपतो तिथे पुढची पेशी चिकटलेली नसते. फट असते, मिलिमीटरच्या काही लाखाव्या भागाएवढी. तिथे वीज थांबते आणि रसायन सुटतं. ऑटो लोवी यांनी १९२१ साली बेडकाची दोन हृदयं घेतली. एकाची चेता उत्तेजित करून ते मंद केलं, आणि त्याच्या भोवतालचं पाणी दुसऱ्यावर सोडलं. दुसरंही मंद झालं. तारेने जोडलेलं नसताना. म्हणजे निरोप पाण्यातून गेला. ते रसायन अ‍ॅसिटिलकोलीन.

आता तुमची तंबाखू. अ‍ॅसिटिलकोलीन ही किल्ली धरली तर पलीकडच्या पेशीवर तिची कुलपं असतात. त्यातल्या एका जातीच्या कुलपाला निकोटीनही बसतं, इतकं, की त्या कुलपाचं नावच निकोटिनिक. दवाने ओल्या पानावरचं निकोटीन पाण्यात उतरतं, कातडीतून आत जातं, आणि कोणी निरोप दिलेला नसताना कुलपं उघडायला लागतात. गरगरणं, मळमळ, घाम, सगळं तिथून.

तंबाखूपट्टा_निपाणी:
पन्नास वर्षांनी कळलं. आई दव वाळल्याशिवाय आम्हा पोरांना शेतात उतरू द्यायची नाही, त्याचंही कारण कळलं. तिला कुलूप-किल्ली माहीत नव्हती, पण अनुभव होता.

रातराणी_वॉर्ड:
कीटकनाशक अंगावर उडून येणारे पेशंट हे त्याच किल्लीचं दुसरं टोक. वापरलेली किल्ली मोडून टाकणारं एक द्रव्य शरीरात असतं, काही फवारणीची औषधं त्यालाच बंद पाडतात. मग किल्ल्या साठत जातात. बाहुली टाचणीएवढी, तोंडाला फेस, घामाने अंथरूण ओलं. मास्क आणि हातमोजे न घालता फवारू नका हो.

जांबोटी_घाट:
कुलपाचं वाचून लिहावंसं वाटलं. माझ्या चुलतभावाला मण्यार चावली होती. पावसाळा, जमिनीवर चटईवर झोपलेला. रात्री काही जाणवलंच नाही त्याला. पहाटे पोटात कळ म्हणून उठला, आम्ही ओवा दिलो. थोड्या वेळाने म्हणाला, पापण्या उचलत नाहीत. मग जीभ जड. मग काही बोललाच नाही. दवाखान्यात नेलो तोवर श्वास वरवर. मशीनला लावले, लस दिले.

चौथ्या दिवशी बोटं हलली. बरा झाल्यावर आम्हाला म्हणाला, "मला सगळं ऐकू येत होतं. आई रडत होती ते, काका बाहेर 'संपलं आता' म्हणाले ते, सगळं. मी आहे म्हणून सांगायचं होतं, पण एक पापणीसुद्धा हलेना." काकांना अजून ते आठवलं की बसवत नाही.

मलप्रभाकाठ:
अंगावर काटा आला. मण्यारीचं विष स्नायूला निरोप देणारी तंतूची टोकंच निकामी करतं, किल्ल्या सुटतच नाहीत. नागाचं विष कुलपात अडकून बसतं. दोन्हीत मेंदू जागा आणि निरोप तयार, फक्त शेवटची फट ओलांडता येत नाही. मण्यारीत टोकं पुन्हा वाढायला दिवस लागतात, म्हणून लस दिली तरी तोवर मशीनने श्वास द्यावा लागतो. पावसाळ्यात खाटेवर झोपा आणि मच्छरदाणी गादीखाली खोचा.

आणि सर्वांना विनंती, हलत नसलेल्या माणसाच्या उशाशी बोलताना तो ऐकतोय असं धरून बोला.

उद्यमबाग_रात्रपाळी:
सगळं दोनदा वाचलो. मनापासून आभार. आता खरं सांगतो, प्रश्न माझ्या हाताचा होता, पण रात्री झोप लागत नव्हती ती त्यासाठी नाही.

चैत्रात आम्ही सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर गेलो होतो. वडील अनवाणी चालले, नवसाचं होतं. दुपारची फरशी अशी तापलेली की मी सावली धरून उड्या मारत होतो. ते शांत चालत होते. मला वाटलं, श्रद्धा. घरी आल्यावर आईला गादीवर ओला डाग दिसला. दोन्ही तळव्यांना एवढाले फोड, एक फुटलेला. त्यांना पत्ताच नव्हता. शुगर पंधरा वर्षांची. माझा हात न कळता मागे आला, मग त्यांचा पाय का नाही आला? कण्यानेच ओढायचा असतो ना?

फिजिओ_टिळकवाडी:
भाऊ, कणा ओढायला तयारच होता. त्याला निरोपच पोचला नाही. गुरुजींनी सांगितलेल्या साखळीतली पहिली कडी कातडीपासून कण्यापर्यंतची, तीच झिजलीय. साखरेने सर्वांत आधी सर्वांत लांब तंतू जातात. तळव्यापासून कमरेजवळच्या मूळ पेशीपर्यंत साधारण एक मीटर. त्या टोकाला लागणारा सगळा माल मूळ पेशीकडून एवढं अंतर वाहून न्यावा लागतो, पुरवठा कमी पडला की शेवटचं टोक आधी सुकतं. म्हणून पायाची बोटं, मग घोटा, मोजा चढवल्यासारखं वर येतं.

घरी तपासा. वडिलांना डोळे मिटून झोपवा. दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी यांच्या टोकांना तुमच्या तर्जनीने नुसता स्पर्श करा, एक-दोन सेकंद. दाबू नका, टोचू नका. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही, तर पायांना धोका आहे.

रातराणी_वॉर्ड:
आणि फोड फोडू नका, हळद-चुना लावू नका, दाखवून घ्या. रोज रात्री तळवे बघायचे, वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवून. घरातही चप्पल. गरम पाण्यात पाय घालायच्या आधी पाणी आईने कोपराने बघायचं, वडिलांनी पायाने नाही. चप्पल घालताना आधी झटकायची, आमच्याकडे एकजण दिवसभर चपलेतल्या खड्यावर चालले होते. मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी बरीच वर्षं चालू असेल तर बी-१२ जीवनसत्त्व तपासायला सांगा, त्या गोळीने ते कमी होऊ शकतं आणि त्यानेही बधिरपणा येतो.

अक्का_अथणी:
बाळा, नवस बोललेला असेल तर आईला सांगून ये की पुढच्या वर्षी कापडी बूट घालून येतील. ती काही रागावत नाही.

उद्यमबाग_रात्रपाळी:
काल रविवारी तपासलो. वडील खाटेवर झोपले, डोळे मिटले, आई दिवा धरून उभी. उजवा अंगठा, "हां." उजवं मधलं बोट, "हां." उजवी करंगळी, काही नाही. डावा अंगठा, काही नाही. मी बोट तसंच ठेवून थांबलो. ते म्हणाले, "सुरू कर की." मी म्हणालो, "चालूच आहे, अप्पा."

त्यांनी डोळे उघडून माझं बोट बघितले आणि थोडा वेळ कोणीच काही बोललं नाही. डावी बाजू तिन्ही गेलीत. उद्या सकाळी शिफ्ट बदलून घेतलोय, नंबर लावायचा आहे. आरसा आजच खडे बाजारातून आणलो.